पॅरिसच्या बिस्त्रोत जेवायला जाताना

भारतातून पाहुणे आले की आयफेल टॉवर त्यांचा त्यांनी बघायचा, पण एक रात्र आमच्या भागातल्या बिस्त्रोत, म्हणजे छोट्या साध्या रेस्टॉरंटमध्ये, जेवायचं, हे ठरलेलं. निघण्याआधी माझं हे भाषणही ऐकावं लागतं.

दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी साडेसातनंतर, एवढाच वेळ स्वयंपाकघर चालू असतं. साडेतीनला भूक लागली तर बेकरीतून सँडविच घ्या. रात्रीसाठी फोन करून टेबल धरून ठेवा. आत शिरताच ‘बोंस्वार’ म्हणायचं, मगच किती जण ते सांगायचं. हे विसरलात तर वेटरचा चेहरा शेवटपर्यंत वाकडाच.

जेवणाआधी आलिग्र बाजाराजवळच्या ‘बारों रूज’ या वाइन बारमध्ये थोडं थांबा. बसायला जागा जवळपास नाहीच. ग्लास पिंपावर टेकवून गप्पा मारायच्या. आत वाइनची मोठाली लाकडी पिंपं रचलेली असतात, लोक त्यातून घरच्या बाटल्या भरून नेतात. थंडीत शनिवार-रविवारी दुपारी गेलात तर दारातच ऑयस्टर फोडून देतात, सोबत म्युस्कादे ही पांढरी वाइन. वाइनमधलं काही कळत नसेल तर ‘लाल, हलकी’ एवढंच सांगा. बहुतेक बोजोले भागातली, गामे जातीच्या द्राक्षांची मिळेल, किंचित गार. बिस्त्रोत बाटलीऐवजी वाइनचा अर्ध्या लिटरचा पिशे, म्हणजे जग, मागवा, चौघांना पुरतो.

खरी परीक्षा मेनूच्या फळ्यासमोर. खडूने लिहिलेलं, तेही तिरकं. बीफ खात नसाल तर नुसतं ‘बफ’ (फ्रेंचमध्ये बीफ) शोधून भागत नाही. ओंग्ले, बाव्हेत, आंत्रकोत हे सगळं बीफच. तार्तार तर कच्चंच. आशी पार्मांतिए वरून कुस्करलेला बटाटा वाटतो, खाली खिमा असतो. कांद्याच्या सूपचं पाणीही बहुधा बीफच्या हाडांचं. आंदुयेत म्हणजे डुकराच्या आतड्यांचं सॉसेज. ताटलीच्या आधी वास पोचतो, हौस नसेल तर नको. सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे टाकतात, तेव्हा ‘साँ लार्दों’, म्हणजे ते तुकडे नकोत, असं सांगून ठेवा.

मग खायचं काय? माझं मत कोंफी द कानारला. बदकाची तंगडी तिच्याच चरबीत तासन्‌तास मंद आचेवर शिजवतात आणि वाढण्याआधी कातडी कुरकुरीत करतात. काटा लावला की मांस हाडापासून सुटतं, रक्ताळ काही नाही. शेजारी लसूण घालून परतलेले बटाटे. ‘हे नीट शिजवलंय हो,’ असं प्रमाणपत्र आमच्या सासूबाईंनी दिलंय, आणि त्या सहजासहजी देत नाहीत.

शाकाहाऱ्यांचे जरा हालच. अंडं चालत असेल तर अफ मायो, म्हणजे मेयोनीज घातलेली उकडलेली अंडी, नाहीतर व्हिनेग्रेतमधले (तेल-व्हिनेगरच्या सॉसमधले) लीक, म्हणजे पातीच्या कांद्यासारखी भाजी, शेळीच्या गरम चीजचं सॅलड, दूध-क्रीममध्ये भाजलेल्या बटाट्यांचं ग्राताँ. पुष्कळशा चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरलेलं असतं, हे कडक शाकाहाऱ्यांना आधीच सांगून टाकते. पावाची टोपली मात्र फुकट, संपली की पुन्हा मागा.

पाणी मागताना ‘काराफ दो’ म्हणा: नळाचं, फुकट. नुसतं पाणी म्हटलंत तर बाटली येईल आणि बिलावर चढेल.

कॉफी गोडानंतर येते. बिल मागितल्याशिवाय येत नाही. तुम्हाला कुणी विसरलेलं नसतं, उठवायचं नसतं इतकंच. सेवाशुल्क किमतीतच असतं. खूश असाल तर दोन-चार युरो ठेवा, नाही ठेवलेत तरी चालतं. बिल वाटून द्यायचं असेल तर कार्डाचं मशीन यायच्या आधीच सांगा.