भाड्याच्या लहान स्वयंपाकघरात जागा कशी काढावी

बेळगावच्या वडगाव, शहापूर, अनगोळ भागात भाड्याच्या जुन्या घरात स्वयंपाकघर म्हणजे बहुधा एक लहान खोली, एक कट्टा, कोपऱ्यात मोरी आणि असलाच तर एखादा कोनाडा. करार अकरा महिन्यांचा आणि डिपॉझिट घरमालकाकडे. अशा घरात भिंतीला कपाटं ठोकून घेऊ नयेत. पुढच्या घरी टेम्पोत टाकून नेता येईल, त्याच वस्तूवर पैसे घालावेत.

खरेदीला जायच्या आधी सगळं सामान बाहेर काढून टेपने मापं घ्या: कट्ट्याखालची उंची, कट्ट्यापासून स्लॅबपर्यंतची किंवा वाशापर्यंतची उंची, दार पूर्ण उघडल्यावर त्यामागे उरणारी जागा आणि घरातल्या सर्वांत उंच डब्याची उंची. जागा सगळ्यात जास्त वाया जाते ती दोन फळ्यांच्या मधे. एक फुटाच्या खणात सहा इंचांचे डबे ठेवले की अर्धा खण रिकामाच राहतो.

कट्ट्याखाली

इथे पहिला हक्क सिलिंडरचा. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर साधारण 32 सेंमी रुंद आणि 63 सेंमी उंच असतो. वर रेग्युलेटर फिरवायला हात जाईल एवढी मोकळी जागा लागते. तो उभाच ठेवायचा आणि शेगडी त्याच्यापेक्षा वर हवी. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि पाच वर्षांनी बदलायची. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून कट्ट्याखाली दारं लावून जागा बंद करू नका आणि सिलिंडरभोवती पोती, रद्दी कोंबू नका. पडदा हवाच असेल तर सुती घ्या आणि जमिनीपासून चार बोटं वर ठेवा.

उरलेल्या जागेत जड वस्तू येऊ द्या: पाण्याच्या बिंदग्या, कुकर, मोठी पातेली. पाणी एक दिवसाआड येणाऱ्या गल्लीत साठवणीला पर्याय नसतो, पण 50 लिटरचं पिंप म्हणजे 50 किलो वजन. ते रॅकवर कधीच चढवायचं नाही.

कट्ट्यावर दुसरा मजला

कमी खर्चात सर्वांत जास्त जागा मिळते ती इथे. फरशीच्या दुकानात उरलेले कडप्प्याचे तुकडे स्वस्तात मिळतात. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड तुकडा घ्या आणि कड घासून मागा. त्याचं वजन 18-19 किलो भरतं, त्यामुळे उचलायला दोघं लागतात. दोन्ही टोकांपासून तीन-तीन इंच आत विटांचे दोन खांब रचा, प्रत्येकी चार विटा आडव्या. तीन इंच जाडीच्या विटेने एक फूट उंची मिळते. विटा एकाच भट्टीच्या घ्या. जाडी कमी-जास्त असली तर फळी डुलते. विटेची भुकटी अन्नात पडू नये म्हणून आधी भिजवून, वाळवून त्यांना पांढऱ्या सिमेंटचा हात द्या.

खांब कुठे येतात हे नीट बघा. कट्ट्याला खाली जे उभे कडप्पे किंवा भिंत आहे, त्याच्या बरोबर वर ते यायला हवेत. कट्ट्याच्या मधोमध खांब ठेवला तर सगळा भार आडव्या दगडावर येऊन तो तडकू शकतो. याच्यावर तिसरा मजला रचू नका, आणि शेगडीच्या वर तर फळी नकोच.

रॅक आणि डबे

जमिनीवर दीड फूट जागा असेल तर स्लॉटेड अँगलची, म्हणजे भोकं असलेल्या लोखंडी पट्ट्यांची, रॅक घ्या. 12 इंच खोलीच्या फळ्या पुरतात. 15 इंच घेतल्या तर मागचे डबे हाताला लागत नाहीत. जुने अँगल भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळतात, पण पायाचा भाग गंजलेला नाही ना, ते पाहून घ्या. प्रत्येक फळीला आठ नट-बोल्ट, म्हणजे पाच फळ्यांना चाळीस. आधी सगळे सैल बसवा, रॅक उभी करून सरळ करा आणि मग आवळा. कोपऱ्यांना तिकोनी पट्ट्या नसतील तर रॅक एका बाजूला कलते. पायांत रबरी बूट घाला, नाहीतर फरशी धुताना पाणी चढून गंज धरतो. वरचं टोक खिडकीच्या गजाला तारेने बांधा.

डबे चौकोनी घ्या. गोल डबे शेजारी शेजारी लावले तर फळीची पाचव्या हिश्श्याहून जास्त जागा कोपऱ्यांत जाते. तांदळाला किलोमागे सव्वा लिटर धरा, म्हणजे दहा किलोला साडेबारा लिटरचा डबा लागेल. पिठाला याहून बरीच जास्त जागा लागते. मीठ आणि चिंच मात्र स्टीलमध्ये नको, डबा खातात.

रिकामा 15 किलो तेलाचा डबा धान्याला उत्तम: साधारण 14 किलो तांदूळ मावतो. आत कोंडा चोळून तेल काढा, गरम सोड्याच्या पाण्याने धुवा, दोन दिवस उन्हात ठेवा. आत गंजाचा ठिपका दिसला तर तो डबा धान्याला वापरू नका. पत्र्याचं काम करणाऱ्याकडून कडा दुमडून झाकण बसवून घ्या. सुगीनंतर गावाकडून पोतंभर तांदूळ-जोंधळा येतो. तो सगळा स्वयंपाकघरात मांडायचा हट्ट नको. पंधरवड्याचा माल आत, बाकीचे डबे कॉटखाली. डबा साधारण 35 सेंमी उंच असतो, तेव्हा कॉटखालची उंची आधी मोजा.

भिंत आणि खिडकी

चिकटवायचे हुक फक्त टाइल्सवर धरतात. डिस्टेंपर किंवा चुन्याच्या भिंतीवर ते रंगासकट सुटतात. टाइल साबणाने, मग स्पिरिटने पुसा, हुक लावा आणि 24 तास काही टांगू नका. मातीच्या भिंतीत खिळा ठोकून मांडणी टांगू नका. भरलेल्या ताटांचं वजन ती भिंत धरत नाही. झारे, उलथनी, चिमटे खिडकीच्या गजाला एस-हुकने लटकवा. पश्चिमेच्या खिडकीत पावसाची झड येते, तिथे फक्त स्टील टांगा. लोखंडी तवा आणि विळी तेलाचा हात देऊन आत ठेवा.

पावसाळ्याआधी

खानापूरकडे तर जून ते सप्टेंबर भिंती घाम सोडतात. धान्याचे डबे भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा आणि मोरीच्या भिंतीला लागून काहीच कोरडं ठेवू नका. तांदळाला, डाळीला किलोमागे अर्धा चमचा एरंडेल चोळा, किंवा डब्यात बिब्बे टाका. बिब्ब्याचं तेल कातडीवर उततं, म्हणून तो फोडायचा नाही आणि मुलांच्या हाती द्यायचा नाही. कडुलिंबाचा पाला घालणार असाल तर सावलीत कडकडीत वाळवलेला घाला, ओलसर पाल्याने बुरशी येते. कौलारू घरात सगळ्यात वरच्या फळीवर प्लास्टिकचा कागद टाका आणि उंदीर आढ्यावरून उतरतात म्हणून तिथे पिशवीतलं काही ठेवू नका. संकेश्वरी मिरचीचा वर्षाचा मसाला हिंगाचे खडे घालून चिनी मातीच्या बरणीत भरा आणि बरणी सर्वांत खालच्या फळीवर, शेगडीपासून दूर ठेवा. रोजच्यासाठी पावशेर मसाला कोरड्या चमच्याने वेगळ्या बाटलीत काढून घ्या, म्हणजे मोठी बरणी सारखी उघडावी लागत नाही.