रोमहून फ्लॉरेन्स, एका दिवसात: या चुका टाळा

रोमहून फ्लॉरेन्सची एका दिवसाची सहल कागदावर इतकी सोपी दिसते की कुणी ती मनावर घेतच नाही. टेर्मिनी स्टेशनवरून जलद गाडी, दीड तासाचा प्रवास, तिकडे परवानाधारक गाइडबरोबर तीनेक तासांची पायी फेरी, संध्याकाळी परत. मी टूर मॅनेजर आहे, मराठी ग्रुप घेऊन इटलीत फिरते. ‘यात चुकण्यासारखं काय आहे?’ असं म्हणणारा माणूस ग्रुपमध्ये दिसला की मी त्याच्यावर जरा जास्तच लक्ष ठेवते.

बोर्डावर फ्लॉरेन्स शोधत बसणं

ही चूक सगळ्यांत महागात पडते. फ्लॉरेन्सचं इटालियन नाव फिरेन्त्से, एवढं हल्ली सगळ्यांना माहीत असतं. गोंधळ त्याच्या पुढे आहे. टेर्मिनीच्या बोर्डावर मोठ्या अक्षरांत गाडीचं शेवटचं स्टेशन दिसतं, आणि फ्लॉरेन्सला जाणाऱ्या बहुतेक जलद गाड्या तिथे संपत नाहीत. त्या पुढे मिलानो (मिलान), व्हेनेत्सिया (व्हेनिस) किंवा तोरिनो (तुरिन) इथे जातात. त्यातून रोमहून मिलानोला निघालेली प्रत्येक गाडी फ्लॉरेन्सला थांबते असंही नाही. काही गाड्या तिथे न थांबता थेट निघून जातात.

एका ग्रुपमध्ये रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका होते. आदल्या रात्री मी सगळ्यांना गाडीचा नंबर लिहून घ्यायला सांगत होते, तर काका म्हणाले, “अहो मॅडम, आमची हयात गेली रेल्वेत. बोर्ड काय आम्हाला शिकवता?” सकाळी काकूंना कॉफी हवी होती, म्हणून दोघं मागे राहिले. आमची गाडी मिलानोची, हे काकांनी नीट लक्षात ठेवलं होतं. फक्त आमच्या आधी मिलानोची आणखी एक गाडी होती. काका झपाझप चालत त्या फलाटावर गेले आणि काकूंना घेऊन चढले. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला, “मॅडम, आमच्या सीटवर कुणीतरी बसलंय आणि उठायला तयार नाही.” मी म्हटलं, डब्यातल्या पडद्यावर पुढचं स्टेशन कुठलं दिसतंय ते वाचा. काकांनी आधी वेग वाचून दाखवला, तो अडीचशेच्या आसपास होता, आणि आवाजात कौतुकही होतं. मग पुढचं स्टेशन वाचलं: मिलानो. मध्ये थांबा नाही. तीन तास.

तिकीट त्या गाडीचं नसल्यामुळे भुर्दंड पडला तो वेगळाच. मिलानोहून उलट्या गाडीने दोघं फ्लॉरेन्सला पोचले तेव्हा दुपार झाली होती, गाइड घरी गेली होती आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा बघायची आमची वेळ केव्हाच टळून गेली होती. काकूंनी मात्र मिलानोच्या स्टेशनचं फार कौतुक केलं.

गाडी ओळखायची ती नंबरावरून. तिकिटावरचा नंबर आणि बोर्डावरचा नंबर जुळला तरच चढायचं. शहराचं नाव आणि गाडीचा रंग यांवर विसंबायचं नाही, कारण फ्रेच्चारोस्सा (त्रेनितालिया कंपनीची) आणि इतालो या दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्या आहेत, दोन्ही लाल, आणि एकीचं तिकीट दुसरीत चालत नाही. ‘बिन’ या रकान्यात फलाट दिसतो. तो बऱ्याचदा गाडी सुटायच्या दहा-पंधरा मिनिटं आधीच लागतो, तेव्हा तासभर आधी येऊन ‘आमचा फलाट कुठला’ असं मला विचारू नका. मलाही माहीत नसतो. ‘रितार्दो’ म्हणजे उशीर, मिनिटांत. आणि कॉफी फाटकाच्या आत जायच्या आधी प्यायची, फलाट लागल्यावर नाही. माझ्या ग्रुपमध्ये हा नियमच आहे. लोक मनातल्या मनात शिव्या देत असतील, देऊ देत.

परतीलाही तेच लक्षात ठेवा. तिथल्या बोर्डावर रोमऐवजी नापोली (नेपल्स) किंवा सालेर्नो दिसेल.

तिकिटांच्या बारीकसारीक गोष्टी

सगळ्यांत स्वस्त तिकीट बहुधा बदलून मिळत नाही, पैसेही परत मिळत नाहीत. सकाळी उठण्याची खात्री असलेल्यांनीच ते काढावं.

प्रादेशिक गाडी, म्हणजे ‘रेजिओनाले’, स्वस्त असते. पण साडेतीन-चार तास घेते. एका दिवसाच्या सहलीत त्यासाठी वेळच नाही. तरीही गेलातच, तर कागदी तिकिटावर चढण्याआधी मशीनमध्ये तारीख-वेळेचा शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड भराल. शिवाय फ्लॉरेन्सच्या नावाची स्टेशनं एकाहून जास्त आहेत. रोमकडून येताना काम्पो दि मार्ते आधी लागतं. ‘फिरेन्त्से’ एवढंच वाचून तिथे उतरू नका, आपल्याला सांता मारिया नोव्हेल्ला हवंय.

तिकीट मशीनपाशी कुणी अनोळखी माणूस फारच आपुलकीने मदत करायला आला, तर पाकीट सांभाळा.

सोमवार

उफित्सी (चित्रांचं) आणि अकादेमिया (मूळ डेव्हिड असलेलं) ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. हे वाचूनही कुणीतरी सोमवारचं बुकिंग करून मला फोन करणार, याची मला खात्री आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो, म्हणून लोक मुद्दाम तो दिवस धरतात. मग रांगेत उभे राहिल्यावर फुकट का ते कळतं.

भाच्याला गाइड करणं

‘माझा भाचा मिलानला शिकतो, तोच दाखवेल सगळं.’ जरूर दाखवू दे, पण ग्रुपसमोर उभं राहून गाइडसारखं सांगायला इटलीत परवाना लागतो. मीसुद्धा संग्रहालयात तोंड बंद ठेवते आणि गाइडला बोलू देते. चांगला गाइड काय देतो ते बॅप्टिस्टरीच्या, म्हणजे कॅथेड्रलसमोरच्या बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीच्या, दारासमोर समजतं. सगळे त्या सोनेरी दारापुढे फोटो काढत असतात. ती प्रतिकृती आहे, शिल्पकार गिबेर्तीचं मूळ दार मागच्या कॅथेड्रल-संग्रहालयात आहे, हे सांगणारं कुणीतरी बरोबर लागतं. सिन्योरिया चौकातल्या डेव्हिडचंही तेच. मूळ पुतळा १८७३ साली तिथून हलवला, आताचा १९१० मध्ये बसवलेला आहे. चौकातला बघून ‘झालं, डेव्हिड बघितला’ म्हणत अकादेमियाचं तिकीट वाया घालवणारेही मी पाहिलेत.

गाइडने दिलेला इअरफोन कानात ठेवा. हातात धरून चालल्यावर ‘काही ऐकूच येत नाही’ ही तक्रार करायची नाही.

सगळं कोंबायचा हट्ट

सकाळी फ्लॉरेन्स, दुपारी पिसा, रात्री रोम. दर ग्रुपमध्ये एकाला तरी हे हवंच असतं. पिसा तासाभराच्या अंतरावर, स्टेशनापासून मनोरा पुढे वीस-पंचवीस मिनिटं चालत, आणि परत यायला तेवढंच. म्हणजे मनोऱ्याला हात टेकवल्याचा एक फोटो, आणि त्यापायी उफित्सी गेली. कॅथेड्रलच्या, म्हणजे ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या, घुमटावर चढायचं असेल तर ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, आणि वेळ ठरवून काढलेलं तिकीट. पिसाही आणि घुमटही, असं मला सांगू नका.

पण एका ठिकाणासाठी मी स्वतः कार्यक्रम मोडते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सला वारले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. दहनाची तिथे रीत नव्हती, म्हणून खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. १८७४ मध्ये त्याच जागी छत्री उभारली. आत महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे, डोक्याला फेटा, अंगावर दागिने. शेजारचा मोठा पूलही ‘इंडियानो’ याच नावाने ओळखला जातो.

अडचण एवढीच की कोल्हापूरकरांना हे नेमकं दुपारी जेवताना आठवतं. “मॅडम, अर्ध्या तासात जाऊन येतो.” अर्ध्या तासात होत नाही. छत्री काशिने उद्यानाच्या पार पश्चिम टोकाला आहे आणि उद्यानच साडेतीन किलोमीटर लांब आहे. ट्राम उद्यानाच्या अलीकडच्या टोकाशी सोडते, पुढे चालायचं. एक जोडपं असंच भर उन्हात निघालं, अर्ध्या वाटेवरून परत फिरलं आणि गाडी सुटायला जेमतेम असताना स्टेशनात धापा टाकत आलं. छत्री नाही, उफित्सी नाही.

तेव्हा बुकिंगच्या वेळीच सांगा. मग मी सकाळी डेव्हिड आणि जुन्या शहराची फेरी ठेवते, दुपारची उफित्सी गाळते, टॅक्सीने थेट छत्रीपर्यंत नेते आणि तिथे निवांत वेळ देते. उफित्सी गाळल्याबद्दल लोक मला नावं ठेवतात. कोल्हापूरच्या माणसाने मात्र अजून ठेवलेली नाहीत.

उरलेलं

कॅथेड्रलसाठी खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. एक ओढणी पिशवीत टाका.

अठरा वर्षांखालच्या मुलांना सरकारी संग्रहालयांत प्रवेश फुकट असतो, पण वयाचा पुरावा मागतात. मुलांचे पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून येऊ नका.

जेवण दोनच्या आत उरकायचं, नंतर बरीच स्वयंपाकघरं बंद होतात. शाकाहारींनी रिबोल्लिता मागावी: पाव, पांढरे घेवडे आणि पालेभाजी घालून केलेलं दाट सूप. आधी मांसाचा रस्सा घातला नाही ना, ते विचारून घ्या. बाजारातल्या गाड्यावर ‘लाम्प्रेदोत्तो’ लिहिलेलं दिसलं तर ते गाईचं चौथं पोट आहे. पावात घालून देतात, वास छान येतो, आणि विचारायच्या आत घास तोंडात गेलेला असतो.

परतीची गाडी फेरी संपल्यावर किमान दोन तासांनी ठेवा. पोन्ते वेक्किओ या जुन्या पुलावरची सोनाराची दुकानं बघितल्याशिवाय आपल्याकडची मंडळी हलत नाहीत, आणि मी त्यांना हलवायचा नाद केव्हाच सोडलाय.