उन्हाळी उबवणी: टिनाखालची मशीन आधी हलवा

मार्च संपला की घरी अंडी उबवणाऱ्यांची एकच तक्रार कानावर येते: लावली तेवढ्यातली निम्मीही फुटली नाहीत. मग दुकानदार उबवणीच्या मशीनचं तापमान सांभाळणारा नवा कंट्रोलर दाखवतो, कोंबड्यांना पाजायचं टॉनिक देतो. पैसे देण्याआधी मशीन कुठे ठेवली आहे ते पाहा. बहुतेक घरी ती टिनाच्या खोलीत असते.

मशीनमध्ये बल्ब किंवा हीटर असतो, थंड करणारं काहीच नसतं. पंख्याच्या मशीनला ३७.५ ते ३७.७ अंश लागतात. चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ ला टेकला की टिनाखाली काय होतं ते तुम्ही जाणताच. कंट्रोलर बल्ब बंद करतो, तरी आकडा चढत राहतो. पेटीत काही तास ४० च्या वर गेले की गर्भ दगावू लागतात. रात्री तासभर लाईन गेली तर लोक घाबरतात. झाकण बंद ठेवा, तेवढ्या गारव्याने सहसा बिघडत नाही. भीती दुपारच्या लाईनची आहे. पंखा थांबतो, आणि शेवटच्या आठवड्यात अंडी स्वतःही उष्णता सोडतात. १८ व्या दिवसाच्या आत अशी वेळ आली तर झाकण थोडं उघडं ठेवा.

मशीन घरातल्या सगळ्यात गार, मातीच्या किंवा कौलारू खोलीत न्या. तशी खोली नसेल तर कूलर लावा, पण झोत थेट पेटीवर नको. कूलरमुळे ओलावाही वाढतो, आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तो हवाच असतो.

हाच उकाडा अंडी लावायच्या आधीही नडतो. साधारण २१ अंशांच्या वर गर्भ हळूहळू वाढायला लागतो. टोपल्यात आठवडाभर तापलेलं अंडं मशीनमध्ये जाण्याआधीच कमजोर होतं, सातव्या दिवशी अंडं टॉर्चवर धरलं की रक्ताचं कडं, म्हणजे गर्भ मेल्याची खूण, दिसतं, आणि दोष कोंबड्याच्या माथी येतो. साठवणीचं शिफारस केलेलं तापमान १५ ते १८ अंश, मुदत सात दिवस. खेड्यात मे महिन्यात ते कुठून आणणार? दिवसातून तीन-चारदा अंडी उचला, गोणपाट ओलं ठेवलेल्या माठात रुंद टोक वर करून ठेवा आणि तीन-चार दिवसांत लावून मोकळे व्हा.

नेहमीची कामं:
- अंडी धुवायची नाहीत. घाण अंडं लावायचंच नाही.
- १८ व्या दिवसापर्यंत रोज ३ किंवा ५ वेळा फिरवणं, पुढे बंद.
- आर्द्रता १८ दिवस ५० ते ५५ टक्के, नंतर ६५ ते ७०.
- टॉर्चवर तपासणी ७ व्या आणि १४ व्या दिवशी.
- ८-१० कोंबड्यांमागे एक नर.

न फुटलेली अंडी उकिरड्यावर टाकण्याआधी २३ व्या दिवशी फोडून पाहा. आत नुसता बलक असेल तर अंडं फळलेलं नव्हतं किंवा गर्भ अगदी सुरुवातीला गेला. पिल्लं १९ व्या-२० व्या दिवशीच निघाली आणि बेंबी उघडी राहिली, तर उष्णता जास्त झाली. २२ च्या पुढे रेंगाळली, तर कमी पडली. टोच मारून पिल्लू तिथेच चिकटून मेलं असेल, तर शेवटच्या तीन दिवसांत पाणी आटलं किंवा झाकण वारंवार उघडलं गेलं. निघालेली पिल्लं सुकेपर्यंत आतच राहू द्या; पोटातल्या बलकावर त्यांचे दोन दिवस निघतात.

कंट्रोलरच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका. तापाचा डिजिटल थर्मामीटर अंड्यांच्या पातळीला धरून ताडून पाहा. आर्द्रतामापक तपासायला झाकणाच्या डब्यात ओलसर मीठ ठेवा, शेजारी मापक. सात-आठ तासांनी ७५ च्या आसपास दाखवायला हवा.

आता माझा अंदाज, पुस्तकात नसलेला: नवतपात, म्हणजे २५ मेपासूनच्या नऊ दिवसांत, मशीनमध्ये नवी अंडी लावू नका. लावायचीच असतील तर दहा-बारा अंडी खुडूक कोंबडीखाली द्या. टोपल्यात खाली ओली वाळू, वर गव्हांडा. तिचं पाणी मात्र टोपल्याच्या अगदी जवळ असू द्या. ती पाण्याला लांब गेली की दुपारी लवकर परतत नाही.