एसी बसवण्याआधी: विदर्भातल्या घरासाठी तयारीची यादी

एसी घ्यायचं ठरलं की घरात आधी कंपनीवर चर्चा होते, मग किती टनाचा घ्यायचा यावर, आणि मग तो कुठल्या भिंतीवर शोभेल यावर. आउटडोअर युनिट कुठे ठेवायचं हा विषय मेकॅनिक ड्रिल मशीन घेऊन दारात उभा राहिल्यावर निघतो. नागपूर, अकोला, वर्धा, चंद्रपूर या पट्ट्यात तरी हा क्रम उलटा करा. आधी आउटडोअरची जागा पक्की करा, बाकी सगळं तिच्यामागून ठरू द्या.

याचं कारण साधं आहे. एसीचं काम म्हणजे खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकणं. बाहेरची हवा जितकी तापलेली, तितकं ते टाकणं जड जातं. यंत्रावर लिहिलेला टनाचा, म्हणजे थंड करण्याच्या क्षमतेचा, आकडा बाहेर 35 अंश तापमान धरून मोजलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या यंत्राभोवतीची हवा त्याहूनही गरम. म्हणजे दुकानात दीड टन म्हणून घेतलेला एसी नेमका दुपारी तीनला, जेव्हा त्याची खरी गरज असते, तेव्हा दीड टनाचं काम करत नाही. म्हणून खरेदीआधी माहितीपत्रकात दोन गोष्टी बघा: बाहेर किती अंशांपर्यंत यंत्र चालतं आणि त्या तापमानाला किती क्षमता उरते. पहिला आकडा विक्रेता हौसेने सांगतो, दुसरा मागून घ्यावा लागतो.

जागा शोधायला भर दुपारी गच्चीवर आणि घराभोवती एक फेरी मारा. उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत मिळाली तर उत्तम. मागे निदान वीतभर आणि पुढे दोन-तीन फूट मोकळी जागा हवी. नेमकी मापं यंत्राच्या पुस्तिकेत असतात. पंख्याने फेकलेली गरम हवा समोरच्या भिंतीवर आपटून परत यंत्रात शिरत असेल तर सावलीतली जागाही फुकट. दोन घरांमधल्या अरुंद बोळात हमखास हेच होतं, आणि शेजाऱ्यांच्या खिडकीवर ती गरम हवा जाते ते वेगळंच. त्यांच्याशी आधी बोलून घ्या. अपार्टमेंट असेल तर सोसायटीची लेखी परवानगी काढून ठेवा. दर्शनी भिंतीवर पाइप उतरवायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते.

गच्चीशिवाय पर्याय नसेल तर यंत्र थेट स्लॅबवर टेकवू नका, फूटभर उंच लोखंडी स्टँडवर ठेवा. वर पत्र्याची सावली करायला हरकत नाही, पण ती उंचावर आणि चारही बाजूंनी मोकळी असावी. पेटीसारखं बंदिस्त शेड केलं की यंत्र स्वतःच्याच वाफेत उकडतं. पाइपसाठी स्लॅबला भोक पाडू देऊ नका. वेळ वाचतो म्हणून कारागीर सुचवतात, पण पावसाळ्यात गळती तिथूनच सुरू होते. पाइप कठड्यावरून भिंतीने खाली उतरवा. चार फूट जास्त लागले तरी चालतील.

जागा ठरवताना आणखी एक प्रश्न विचारायचा: इथे माणूस उभा राहून काम करू शकेल का? आउटडोअर दर वर्षी पाण्याने धुवावं लागतं. मार्च-एप्रिलच्या वावटळीत त्याच्या जाळीवर मातीचा थर बसतो आणि कोराडी किंवा चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रांच्या आसपास राखेची बारीक धूळ. सज्ज्याच्या टोकाला, जिथे जीव मुठीत धरून उतरावं लागतं, तिथे यंत्र लावलं तर पुढची कित्येक वर्षं प्रत्येक सर्व्हिसिंगला कुणाचा तरी जीव पणाला लागतो. मला हा मुद्दा किमतीपेक्षा मोठा वाटतो. जागा उंचावर असेल तर मेकॅनिककडे सेफ्टी बेल्ट आहे का ते फोनवरच विचारा, आणि तो अडकवायला भक्कम आधार आपल्या घरात कुठे आहे ते बघून ठेवा.

भिंत कशाची आहे तेही माहीत हवं. आउटडोअरचं वजन पंचवीस-तीस किलोच्या पुढे असतं आणि ते रोज थरथरतं. पक्क्या विटांच्या भिंतीत अँकर फास्टनर (भोकात फुगून पकड घेणारा बोल्ट) घट्ट बसतो. नव्या इमारतींमधल्या हलक्या राखाडी ब्लॉकच्या भिंतीत तो काही महिन्यांत सैल होऊ शकतो. तिथे आरपार बोल्ट आणि आतून लोखंडी पट्टी लावून घ्या. नागपुरात महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांच्या भिंती दीड-दीड फूट जाड असतात. तसं असेल तर ड्रिलचं लांब बिट घेऊन यायला आधीच सांगा, नाहीतर अर्धा दिवस बाजारात जातो. कॉलम आणि बीमला मात्र कुणालाही भोक पाडू देऊ नका.

आता खोलीकडे. किती टनाचा घ्यायचा याचा ढोबळ हिशोब असा की 10 बाय 12 च्या खोलीला एक टन आणि त्याहून मोठी, साधारण 12 बाय 15 पर्यंतच्या खोलीला दीड टन. वर थेट गच्ची असेल तर अर्धा टन वाढवावा लागतो. पण तो वाढवण्याआधी गच्चीचं काही करता येतं का ते बघा. तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग किंवा चिनी मोझॅक केलं, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी नेट किंवा बांबूचा पडदा लावला, तर एसीवरचा भार दर उन्हाळ्यात कमी होतो. रंगाचं काम एसीच्या आधी उरकायचं, म्हणजे पुन्हा पाइपभोवती ब्रश फिरवावा लागत नाही.

आपल्याकडचा खास प्रश्न कुलरच्या खिडकीचा. बहुतेक घरांत एका खिडकीची जाळी काढून तिथे कुलरचं तोंड बसवलेलं असतं आणि उरलेल्या फटीत पुठ्ठा, थर्माकोल किंवा प्लायवूडचा तुकडा खोचलेला असतो. कुलरला हे चालतं, कारण त्याला हवा बाहेर जायला वाट लागतेच. दार-खिडकी उघडी ठेवूनच तो चालवतात. एसीला बंद खोली लागते. तेव्हा ती चौकट सुताराकडून व्यवस्थित बंद करून घ्या, दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावा आणि एक्झॉस्ट फॅनच्या भोकाला झडप बसवा. घरातल्या मोठ्यांना एकदा नीट समजावून सांगा की एसी आणि कुलर एकाच खोलीत सोबत चालवायचे नाहीत. कुलर हवेत ओलावा भरतो, एसीची ताकद तो ओलावा काढण्यात जाते आणि बिल दोन्हींचं येतं.

विजेचं काम एसी घरी येण्याच्या आठवडाभर आधी संपलेलं असावं. दीड टनाचं यंत्र भर उन्हात साधारण दीड ते दोन किलोवॅट ओढतं. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. गिझर, पाण्याची मोटर आणि एसी मिळून तो ओलांडत असेल तर भारवाढीचा अर्ज उन्हाळ्याआधीच करा. मीटरजवळच्या बोर्डापासून एसीपर्यंत स्वतंत्र लाइन ओढा: 4 एमएमची तांब्याची वायर, वीस अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि एसीसाठीचा मजबूत सॉकेट. टीव्हीच्या किंवा फ्रिजच्या पॉइंटवरून जोड देऊ नका. अर्थिंग मीटर लावून तपासायला सांगा. जुन्या घरात अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात कोरडा ठाक पडलेला असतो, आणि लोखंडी स्टँडवर ठेवलेल्या यंत्राला अर्थिंग नसणं जिवावर बेतू शकतं. स्टॅबिलायझर लागेल का याचं उत्तर तुमच्या गल्लीतलं व्होल्टेज देईल. इलेक्ट्रिशियनकडून उन्हाळ्यातल्या रात्री दहाच्या सुमाराला मोजून घ्या आणि यंत्रावर दिलेल्या व्होल्टेजच्या मर्यादेशी ताडून बघा.

खर्चाचा अंदाज बांधताना हप्त्याच्या जोडीला बिलाचाही विचार करा. घरगुती वीजदर 100, 300 आणि 500 युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातात, म्हणून एसीचे वाढीव युनिट सगळ्यात महाग टप्प्यात पडतात. स्टारच्या लेबलवर वर्षाचे जे युनिट लिहिलेले असतात ते 1600 तासांच्या वापरावर काढलेले आहेत. मार्च ते जून रोज दहा-बारा तास एसी चालणार असेल, तर जास्त स्टारच्या यंत्रासाठी मोजलेले पैसे आपल्या भागात लवकर वसूल होतात.

इनडोअर युनिट जमिनीपासून सात-आठ फुटांवर, छताखाली पुस्तिकेत दिलेली फट सोडून लावायचं. पलंगाच्या उशाच्या बरोबर वर नको, टीव्हीच्या वर नको, आणि पडद्याची पट्टी वाऱ्याच्या आड येता कामा नये. पाणी बाहेर जाण्याची वाट जवळ असेल अशी भिंत निवडा. ड्रेन पाइपला सुरुवातीपासून शेवटपर्यंत उतार हवा, मध्ये कुठेही फुगवटा किंवा वर चढण नको, आणि त्याचं टोक भरलेल्या बादलीत बुडवून ठेवायचं नाही.

पाण्याच्या बाबतीत विदर्भातला माणूस फसतो तो असा: मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की एसीतून पाणी जेमतेम ठिबकतं. उतार उलटा असला तरी कळत नाही. जुलैत हवा दमट झाली की तेच यंत्र भिंतीवरून पाणी सोडायला लागतं, आणि तोवर फिटिंग करणाऱ्याने हात झटकलेले असतात. म्हणून फिटिंगच्या दिवशीच इनडोअरचं झाकण उघडून आतल्या ट्रेमध्ये बाटलीभर पाणी हळूहळू ओतायला लावा. ते सगळं बाहेरच्या टोकाने निघालं पाहिजे.

डक्टचा एसी, म्हणजे छतातल्या पन्हाळीतून खोल्यांत थंड हवा सोडणारा, लावायचा असेल तर यातलं बरंच काही बदलतं आणि तो विषय घर बांधतानाच घ्यावा. फॉल्स सीलिंगमध्ये फूट-सव्वाफूट उंची, हवा परत येण्याचा मार्ग आणि दुरुस्तीसाठी उघडणारं झाकण हे नकाशातच दाखवून घ्या. राहत्या घरात नंतर तोडफोड करून डक्ट घालण्यापेक्षा दोन स्प्लिट, म्हणजे वर सांगितलेले इनडोअर-आउटडोअरवाले एसी, लावणं मला शहाणपणाचं वाटतं.

फिटिंगची तारीख ठरवताना पाडव्याची किंवा अक्षय्य तृतीयेची गर्दी टाळा. माघ-फाल्गुनात मेकॅनिकला वेळ असतो आणि काम घाईत होत नाही. फोनवर विचारून घ्यायचं ते असं: सोबत किती फूट पाइप येतो, पुढच्या प्रत्येक फुटाला काय भाव, पाइप शुद्ध तांब्याचा आहे ना, स्टँड आणि भोक पाडण्याचे वेगळे किती, दोन माणसं येणार ना, आणि व्हॅक्यूम पंप आणणार ना. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पाइप जोडल्यावर आतली हवा पंपाने खेचून काढायची असते. बरेच जण यंत्रातला थोडा गॅस सोडून हवा ढकलून देतात आणि दहा मिनिटांत मोकळे होतात. त्यात गॅस कमी होतो, हवेतला ओलावा आत राहतो, कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळतो आणि काही वर्षांनी कॉम्प्रेसर जातो. आजकाल बहुतेक यंत्रांत आर-32 गॅस असतो आणि तो काही प्रमाणात ज्वलनशील आहे. घरात असा सोडणं योग्य नाही.

त्या दिवशी सकाळी लवकर बोलवा. एप्रिल-मे असेल तर दुपारी बारा ते चार गच्चीवर कुणाला काम सांगू नका. पलंग भिंतीपासून ओढून जुन्या चादरीने झाका, भोकाची धूळ लांबपर्यंत उडते. ड्रिलसाठी चालू प्लग पॉइंट, भक्कम शिडी आणि माठातलं पाणी तयार ठेवा.

काम चालू असताना तांब्याच्या पाइपच्या टोकाकडे लक्ष द्या. पाइप कटरने कापायचा, हॅक्सॉने नाही. कापल्यावर टोक खाली धरून आतली कड साफ करायची, म्हणजे तांब्याचा कीस आत पडत नाही. मग नट सरकवून टोकाला फुलासारखा फ्लेअर काढतात; तो गोल, गुळगुळीत आणि भेगरहित दिसला पाहिजे. वाकडा दिसला तर पुन्हा काढायला सांगा, दोन इंच पाइप वाया गेला तर जाऊ द्या. नट आवळताना दोन पाने (स्पॅनर) लागतात, एक धरायला आणि एक फिरवायला. पंप निदान पंधरा-वीस मिनिटं चालावा, बंद केल्यावर दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा तिथेच थांबलेला दिसावा, आणि मगच गॅस सोडणारे व्हॉल्व्ह उघडावेत. नंतर प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते बघायचं. उन्हात येणाऱ्या पाइपवर काळं रबर आणि त्यावर टेप पूर्ण गुंडाळलेली असावी. उघडं राहिलेलं रबर आपल्या उन्हात एक-दोन वर्षांत तडकतं.

मेकॅनिक निघण्याआधी यंत्र अर्धा तास 24 अंशांवर चालवून बघा. आउटडोअर खडखडत असेल तर पायाखाली रबर बसवून घ्या. भिंतीतलं भोक व्हाइट सिमेंटने किंवा पुट्टीने दोन्ही बाजूंनी बुजवून घ्या, नाहीतर पाली आणि मुंग्या तिथूनच येतात. इनडोअर आणि आउटडोअर या दोन्हींच्या सिरियल नंबरचे फोटो काढा, फिटिंगचं पक्कं बिल घ्या, त्यावर किती फूट पाइप लागला ते लिहून घ्या, आणि वॉरंटीची नोंदणी मेकॅनिक समोर असतानाच फोनवरून करून टाका.