रिक्षा वॉचमनच्या केबिनमधून जाते तेव्हा

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी माझ्या रडारच्या पडद्यावर रिक्षा समोरच्या सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमधून आरपार जात होत्या. सात महिने मी ते बघत होते आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. अनेक अँटेनांच्या संशोधनात उतरायचं म्हणून हल्ली बरेच जण विचारतात, 'कुठून सुरुवात करू?' त्यांना आधी ही रिक्षाची गोष्ट सांगते. एफएफटी, ओएफडीएम, आयगेनव्हॅल्यू हे शब्द ऐकून पोटात गोळा येत नसेल, एवढं धरून चालते.

मी ऐरोलीची. दिवसा घणसोलीत नोकरी, संध्याकाळी नवी मुंबईतल्याच एका कॉलेजात संशोधन. पेपर वाचायचे ते ठाणे-वाशी लोकलमध्ये, तेही उभ्यानं. सुरुवात वायरलेसपासून केली, सगळेच करतात. अलामुती या इंजिनिअरनी 1998 साली दोन अँटेनांसाठी मांडलेला कोड मॅटलॅब या सॉफ्टवेअरमध्ये चालवला, आलेख पुस्तकातल्यासारखा आला, आणि आपल्याला मायमो (दोन्ही टोकांना अनेक अँटेना) आलं असं वाटलं. आलं नव्हतं. तो आलेख सगळ्यांचाच तसा येतो, कारण त्यात चॅनल, म्हणजे सिग्नलची हवेतली वाट, आपणच 'रँडन' (यादृच्छिक आकडे देणारी कमांड) लिहून बनवतो आणि रिसीव्हरला तो आधीच तंतोतंत सांगून ठेवतो. खऱ्या मोबाइलला चॅनल कोणी सांगत नाही. आधीच ठरलेल्या पायलट सिग्नलवरून त्याला तो शोधावा लागतो, आणि शोधेपर्यंत माणूस पुढच्या चौकात पोचलेला असतो. शेजारशेजारच्या अँटेनांना मिळणारे सिग्नल एकमेकांशी नातं ठेवून असतात, तेही त्या 'रँडन'मध्ये नसतं. 64 अँटेनांचा 5जी पॅनल म्हणजे 64 पट फायदा असं कोणी सांगू लागलं, तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

या विषयाची मुळं आपल्या शेजारीच आहेत, हे आपल्याला कॉलेजात कोणी सांगत नाही. थॉमस कैलाथ यांचा जन्म पुण्याचा, 1935 चा. त्यांनी पदवी घेतली तीही पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातूनच. पुढे स्टॅनफर्डमध्ये त्यांच्यासोबत आरोग्यस्वामी पॉलराज आले. ते आपल्या नौदलात सोनारवर काम केलेले. एकाच पट्ट्यात अनेक अँटेनांवरून वेगवेगळा डेटा एकाच वेळी पाठवायच्या कल्पनेचं पेटंट दोघांनी 1992 मध्ये दाखल केलं, 1994 मध्ये ते मिळालं. पाण्याखालून येणारा आवाज कुठल्या दिशेनं येतोय हे शोधणारा माणूस मोबाइलच्या अँटेनांकडे वळला, हे मला अजूनही फार आवडतं. रडार आणि वायरलेस या दोन भावंडांना आपला अभ्यासक्रम वेगवेगळ्या सेमिस्टरमध्ये कोंबतो, तो भाग वेगळा.

दुसऱ्या वर्षी मी रडारकडे वळले. गाड्यांमध्ये असतो तसा 77 गिगाहर्ट्झचा एक तयार बोर्ड लॅबला मिळाला होता. दोन ट्रान्समीटर, चार रिसीव्हर. मायमो रडारची जादू अशी की दोन ट्रान्समीटर योग्य अंतरावर ठेवले, तर सहा अँटेनांत आठ अँटेनांच्या रांगेसारखा व्हर्च्युअल अ‍ॅरे तयार होतो. आठच्या अ‍ॅरेला साधारण 14 अंशांनी वेगळ्या असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दिसतात, चारच्या अ‍ॅरेला त्याच्या दुप्पट फरक लागतो. फुकटात दुप्पट. (फुकट काही नसतं हे आई सांगायची, पण तिचा संदर्भ भाजीचा होता.)

कॅलिब्रेशन मी चोख केलं. काजूकतलीच्या रिकाम्या खोक्याचा एक कोपरा कापला आणि आतून पोळ्या गुंडाळायचा फॉइल चिकटवून कॉर्नर रिफ्लेक्टर (लहर आली तिकडेच परत पाठवणारा कोपरा) बनवला. तो गच्चीवर ठेवून प्रत्येक चॅनलच्या, म्हणजे ट्रान्समीटर-रिसीव्हरच्या प्रत्येक जोडीच्या, फेजमधला (लहर तिच्या चक्रात कुठे आहे त्यातला) फरक काढला. शून्य अंशावर ठेवला की शून्य दाखवायचं, वीसवर ठेवला की वीस. मी खूश. मग बोर्ड ट्रायपॉडवर लावून सोसायटीच्या गेटशी ठेवला. आमचं गेट बरोबर तिठ्यावर आहे, समोर सरळ रस्ता लांबवर जातो. डावीकडून जाणाऱ्या गाड्या, उजवीकडून येणाऱ्या. पडद्यावरही तसंच. दोन सुंदर ओळी, मधे मोकळी जागा. मी ते चित्र पेपरात टाकलं, पोस्टरवर छापलं, घरच्या ग्रुपवरसुद्धा पाठवलं.

कॉलेजच्या प्रगती-सेमिनारला बाहेरून आलेल्या एका मॅडमनी ते चित्र बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हा रस्ता किती रुंद आहे?"

"बारा मीटर असेल."

"असेल की आहे?"

त्या रात्री साडेअकराला मी टेप घेऊन रस्त्यावर. दुसरं टोक वॉचमनकाकांनी चपलेखाली दाबून धरलं. "ताई, रस्ता विकत घेताय का?" म्हणाले. रस्ता भरला साडेसात मीटर.

आता सावकाश वाचा, इथेच मी पडले. दोन ट्रान्समीटर एकाच वेळी बोलले तर रिसीव्हरला कोणाचं काय ते कळत नाही, म्हणून ते पाळीपाळीनं बोलतात. आधी पहिला, 60 मायक्रोसेकंदांनी दुसरा. वस्तू स्थिर असेल तर काही बिघडत नाही, आणि माझं काजूकतलीचं खोकं गच्चीवर स्थिरच होतं. पण ताशी 25 किलोमीटरनं येणारी रिक्षा त्या 60 मायक्रोसेकंदांत 0.42 मिलिमीटर पुढे सरकते. लहर जाऊन परत येते, म्हणून वाटेत फरक पडतो 0.83 मिलिमीटरचा. रस्त्याच्या हिशेबात हे काहीच नाही, पण 77 गिगाहर्ट्झला पूर्ण तरंगलांबीच 3.9 मिलिमीटर असते. म्हणजे फेजमध्ये 77 अंशांचा फरक. चालत्या लोकलचा फोटो दोन तुकड्यांत काढून शेजारी शेजारी चिकटवावा, तसा व्हर्च्युअल अ‍ॅरेचा दुसरा अर्धा भाग पहिल्याशी जुळत नाही. फेजवरूनच तर आपण दिशा काढतो. त्यामुळे तो 77 अंशांचा झटका दिशा म्हणून वाचला जातो आणि रिक्षा साडेचार अंशांनी बाजूला सरकते. तीस मीटरवर हे होतात जवळजवळ अडीच मीटर. येणाऱ्या गाड्या एका बाजूला, जाणाऱ्या दुसऱ्या. साडेसात अधिक अडीच अधिक अडीच. झाले साधारण बारा.

आणि खरी मेख पुढे आहे. ट्रान्समीटरचा क्रम उलटा असता, तर गाड्या आतल्या बाजूला सरकून एकमेकींच्या लेनमध्ये घुसल्या असत्या आणि मला पहिल्याच दिवशी संशय आला असता. माझ्या नशिबी बाहेरची बाजू आली. चूक दिसायला सुबक असेल तर ती तपासावीशी कोणालाच वाटत नाही. रात्री जेवणानंतर रस्त्याच्या कडेनं शतपावली करणाऱ्या काकू पडद्यावर जवळपास बरोबर जागी होत्या, कारण त्या सावकाश चालत होत्या. रिक्षा त्यांच्याही पलीकडून, केबिनमधून जात होत्या. दोन्ही गोष्टी एकाच पडद्यावर होत्या. मी काय केलं असेल? 'मल्टिपाथ आहे' म्हणाले, म्हणजे लहर इकडेतिकडे आपटून येतेय. फॅमिली डॉक्टर 'व्हायरल आहे' म्हणतात तसं आम्ही 'मल्टिपाथ आहे' म्हणतो.

दुरुस्ती कागदावर सोपी आहे. डॉप्लरमधून (हलत्या वस्तूमुळे लहरीत पडणाऱ्या फरकातून) वेग मिळतोच, त्यावरून फेजचा झटका काढायचा आणि दुसऱ्या ट्रान्समीटरच्या चार चॅनलांमधून वजा करायचा. कोडच्या तीन ओळी. मी त्या लिहिल्या, रस्ता साडेसात मीटरचा झाला, मी शनिवारी वडापाव वाटले. पुढच्या शनिवारी बोर्ड मोठ्या रस्त्यावर नेला आणि एका रिक्षाच्या दोन रिक्षा झाल्या. शेजारी शेजारी, जुळ्या, खऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना दहा-अकरा अंशांवर. मधे, जिथे रिक्षा होती, तिथे काहीच नाही.

एकाच खड्ड्याचा हा खालचा मजला. ट्रान्समीटर दोन असल्यामुळे प्रत्येकाची पाळी 120 मायक्रोसेकंदांनी येते, म्हणून ताशी 29 किलोमीटरपर्यंतचाच वेग निःसंदिग्ध कळतो, त्यापुढचा गुंडाळला जाऊन उलट दिशेचा दिसतो. ती रिक्षा 36 नं येत होती. डॉप्लरनं मला सांगितलं की ती 22 नं लांब जातेय, आणि मी त्या खोट्या वेगावर विश्वास ठेवून फेज दुरुस्त केली. हवे होते 111 अंश, वजा केले उणे 69. फरक बरोबर 180. अर्धा अ‍ॅरे दुसऱ्या अर्ध्याला खोडून टाकतो, खऱ्या दिशेला खड्डा पडतो आणि दोन बाजूंना दोन शिखरं उभी राहतात. दोन ट्रान्समीटर असतील तर शक्यता दोनच: आहे ती दुरुस्ती, किंवा तिच्यात 180 मिळवून. दोन्ही करून बघा, ज्यात एकच उंच शिखर येतं ती घ्या. चुकीच्या दुरुस्तीत शिखर अडीच-पावणेतीन डेसिबलनं बुटकं येतं, तेवढ्यावर ओळखता येतं. गोंगाट वाढला की हेही डळमळतं, तेव्हा पाळीचा काळ बदलून दुसऱ्यांदा मोजायचं.

हे सगळं बोर्डाच्या कंपनीच्या माहितीपत्रात होतं. मी तिथपर्यंत पोचलेच नव्हते, कारण तयार टूलबॉक्स वापरत होते आणि त्यात बटण होतं. टूलबॉक्सवाल्यांशी माझं वैर नाही, पण साधं बीमफॉर्मिंग (सगळ्या अँटेनांचे सिग्नल फेज जुळवून एकत्र करणं) एकदा तरी स्वतःच्या हातानं लिहा. आणि मॅटलॅबवरून पायथनवर जाणार असाल तर जाता जाता एक: मॅटलॅबमधलं एकेरी अवतरणचिन्ह मॅट्रिक्स फिरवतं आणि कॉन्जुगेटही घेतं (काल्पनिक भागाचं चिन्ह उलटं करतं), पायथनमधल्या नमपाय लायब्ररीचं 'डॉट टी' नुसतं फिरवतं. माझ्या लॅबमधल्या एका दादाचे डावे-उजवे त्यात अदलाबदल झाले होते. चार दिवस तो अँटेना उलटी लावली असेल म्हणून स्क्रू काढत बसला होता.

गाइडबद्दल सगळे विचारतात. माझे सर माणूस म्हणून चांगले होते, वेळेवर सही करायचे. पण सात महिन्यांत त्यांनी एकदाही माझा कच्चा डेटा उघडला नाही. चित्र बघायचे आणि म्हणायचे, "छान, आता यात काहीतरी नवीन टाक." नवीन म्हणजे लांडग्यांच्या शिकारीची नक्कल करणारं ऑप्टिमायझेशन, नाहीतर वटवाघळांचं, मुंग्यांचं. अँटेनांची मांडणी लांडग्यांनी सुधारल्याचे पेपर ढिगानं निघतात आणि सिम्युलेशनमध्ये प्रत्येक प्राणी आधीच्या प्राण्याला हरवतो. माझं मत एकांगी असेल, असू दे. ज्या गाइडच्या लॅबमध्ये सोल्डरिंगचा वास येतो त्याच्याकडे जा, त्याचे पेपर कमी असले तरी चालतील. मला रस्त्याची रुंदी विचारणाऱ्या मॅडमशी माझी एकूण भेट वीस मिनिटांची.

आणि पैसे देऊन आठवड्यात पेपर छापून देणारे? त्यांचा मेल तुम्हालाही येईल, 'आदरणीय प्राध्यापक' अशी सुरुवात असेल. मलाही आला, आणि बारा मीटरवाल्या त्या चित्रासकट मी जवळजवळ पैसे भरले होते. भरले असते तर ते चित्र आज माझ्या नावावर कायमचं असतं. दुसरीकडे खरोखरच्या परिषदेकडून पेपर नाकारला गेला तेव्हा मी तुर्भ्यापासून ऐरोलीपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले होते, हेही सांगून टाकते. तीन रिव्ह्यूअरपैकी दोघांनी तो धड वाचला नव्हता. तिसऱ्यानं वाचला होता.

घाबरवायचा हेतू नाही. गणिताची भीती वाटत असेल तर खरंच सांगते, लिनिअर अल्जिब्रा नीट आली तर या विषयाचा अर्ध्याहून जास्त भाग मोकळा होतो, आणि तिच्यासाठी आयआयटींच्या एनपीटीईएल पोर्टलवरची व्याख्यानं फुकट आहेत. महागडी उपकरणं नसतील तरी अडत नाही. लॅपटॉपचे दोन माइक आणि एक टाळी यावरही दिशा काढता येते. आवाजाची तरंगलांबी मोठी असल्यामुळे चुका मिलिमीटरांत नाही, वितींत दिसतात. माझ्या हातून पहिली दिशा तशीच निघाली होती, स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्टीची. फक्त एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) हातात आला म्हणून वाटेल त्या पट्ट्यात सिग्नल सोडू नका. परवान्याचं काम केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसीकडे असतं, आधी लॅबमध्ये विचारा, नाहीतर केबल लावून बंद खोक्यात प्रयोग करा.

नोकरीचंही लोक विचारतात. 5जीची चाचणी, गाड्यांचे रडार, संरक्षणाची कामं, या सगळ्यांत अ‍ॅरेचं गणित ज्याला हातानं येतं तो लागतो. पण मुलाखतीत पेपरांची संख्या मला एकदाच विचारली गेली. सगळ्यात जास्त वेळ बोलणं झालं ते जुळ्या रिक्षांवर. समोरच्या माणसानं फळ्यावर तरंगलांबी लिहिली आणि खडू माझ्या हातात दिला.

सध्या बोर्डावर आजवर बंद ठेवलेला तिसरा ट्रान्समीटर चालू केलाय. बारा व्हर्च्युअल अँटेना, पण पाळी लांबून 180 मायक्रोसेकंदांवर गेली आणि वेगाची मर्यादा ताशी साडेएकोणीसवर घसरली. आता शक्यता दोन नाहीत, तीन आहेत. वॉचमनकाकांना सांगून ठेवलंय, शनिवारी रात्री टेप धरायला या.