वडस म्हणून कापायच्या आधी

कोल्हापुरात डोळ्यांच्या ओपीडीत बसायला लागलात की पहिल्याच आठवड्यात वडस ओळखायला येतो. शिरोळ-कागलकडची, उसाच्या रानात जन्म काढलेली माणसं रोज येतात. नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळावर चढलेला मांसाचा त्रिकोण लांबूनही दिसतो. इतका सवयीचा होतो, की नीट बघणंच सुटतं.

माझंही सुटलं. शिकत असताना एका मामांचा 'वडस' मी काढला. "वडसच हाय, टाका की काढून," असं तेच म्हणाले होते. गाठ कानाकडच्या बाजूला होती, तिथंच मी थांबायला हवं होतं. तुकडा गॉजबरोबर बादलीत गेला. काही महिन्यांनी त्याच जागी साबुदाण्याच्या खळीसारखा उंचवटा आला. बायोप्सीत निघाला स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कर्करोग. पहिल्या वेळी कापलेल्या कडा कर्करोगापासून मोकळ्या होत्या का, हे सांगायला तुकडाच नव्हता.

आता स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर, मी आधी लिंबस बघते, बुबुळ आणि पांढरा भाग जिथं भेटतात ती कड. जेलीसारखा फुगीर पृष्ठभाग, चुन्यासारखा पांढरा ठिपका, गाठीकडं धावणारी जाड नागमोडी रक्तवाहिनी, यातलं काहीही दिसलं की रोझ बेंगॉल या रंगाची पट्टी लावायची. बिघडलेला भाग गुलाबी रंग धरतो. डोळ्याच्या पुढच्या भागाचा ओसीटी, म्हणजे थर दाखवणारा स्कॅन, मिळाला तर फारच छान. वडसात एपिथेलियमचा, म्हणजे सगळ्यात वरच्या पेशींचा थर बहुधा पातळच राहतो, वाढ त्याच्या खाली असते. कर्करोगात तो थरच जाड, पांढराशुभ्र होतो, आणि निरोगी भाग संपून हा सुरू होतो तिथं पायरीसारखा फरक दिसतो. ही पायरी एकदा बघितली की विसरत नाही.

काढायची वेळ आलीच तर भोवतीचा ३-४ मिमी निरोगी भाग घेऊन, गाठीला चिमटा न लावता काढायची, कडांना क्रायो द्यायचा, म्हणजे त्या गोठवायच्या. तुकडा थेट फॉर्मेलिनमध्ये टाकू नका, आवळून गुंडाळतो. कागदावर पसरा, मिनिटभर चिकटू द्या, दिशा लिहा, मग बाटलीत. साधा वडस वाटला तरी पाठवा. पॅथॉलॉजीवाले कुरकुरतात, कुरकुरू देत.

पेशंट तरुण असेल तर या कर्करोगामागं एचआयव्ही असू शकतो, म्हणून त्याची तपासणी सुचवावीच लागते. ती विचारताना मागं उभ्या मेहुण्याला आधी चहाला पाठवा.