फौजी पेन्शनरचा हयातीचा दाखला मोबाईलवरून कसा काढावा

दिवाळीची माळ अजून खांबावरून उतरलेली नसते, तोच आमच्या ओसरीवर चपलांचा ढीग पडायला लागतो. कुणी निवृत्त हवालदार, कुणी नाईक, बऱ्याचशा त्यांच्या मागे राहिलेल्या बायका. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत आधार, बँकेचं पासबुक आणि घडीवर फाटलेला पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. मी पलटणीत क्लार्क होतो, त्यामुळे कागद दिसला की लोकांना मी आठवतो. गेली काही वर्षं नोव्हेंबरातली माझी दुपार अशीच जाते.

एवढ्या दाखल्यांनंतर एक गोष्ट पक्की कळली. लोक अंगठा उठत नाही म्हणून घाबरतात, पण पेन्शन अडकते ती बहुतेक वेळा फॉर्ममधला एक चुकीचा पर्याय निवडल्यामुळे. ‘अ‍ॅप उघडा, माहिती भरा, सबमिट करा’ असं तीस सेकंदांत सांगणारे व्हिडिओ नेमका तोच पर्याय गाळतात.

आधी जवळ काय हवं

आधार, आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू स्थितीत, पेन्शनचं पासबुक आणि स्पर्शचा, म्हणजे फौजी पेन्शनच्या सरकारी पोर्टलचा, पीपीओ क्रमांक. यातल्या शेवटच्यावर थांबतो. १९८९ साली रिटायर झालेल्या माणसाकडे ‘एस’ अक्षराने सुरू होणारा, मध्ये तिरक्या रेघा असलेला जुना क्रमांक असतो. वीरपत्नीकडे बहुधा ‘एफ’वाला. पेन्शन स्पर्शवर गेल्यावर प्रत्येकाला नवा बारा आकडी क्रमांक मिळाला आहे. फॉर्ममध्ये तो घालायचा. जुना कागद फ्रेम करून भिंतीवर लावा, इथे त्याचा उपयोग नाही.

आधार क्रमांक स्पर्शवर नोंदलेला आहे आणि नाव दोन्हीकडे जुळतं, हेही आधी बघून घ्या. फौजेच्या कागदावर आडनाव पुढे आणि नाव मागे, आधारवर उलटं, बायकोचं माहेरचं नाव तिसरीकडेच. आमच्याकडच्या एका काकूंचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी होतं. ही दुरुस्ती आपल्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत करावी लागते आणि तिला वेळ लागतो. ती २८ नोव्हेंबरला सुचून उपयोग नाही.

मुदतीचं म्हणाल तर बहुतेक जुन्या पेन्शनरांना नोव्हेंबर. वयाची ८० ओलांडलेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, त्यांनी गर्दीत यायचं कारणच नाही. जे अलीकडे थेट स्पर्शवरच रिटायर झाले, त्यांनी गावातल्या इतरांचं बघून महिना ठरवू नये. पोर्टलवर लॉगिन करून आपली तारीख बघावी.

अ‍ॅप आणि ऑपरेटर

प्ले स्टोअरवरून दोन अ‍ॅप घ्या, ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फाईलवरून कधीही नाही. पहिल्यांदा ज्याच्या फोनवरून काम करायचं त्याची ऑपरेटर म्हणून नोंद होते: त्याचा आधार, त्याचा ओटीपी, त्याचा चेहरा. नातवाचा फोन असेल तर नातू ऑपरेटर. मग आजोबांचा आधार, मोबाईल, ओटीपी. इथवर काहीच अवघड नाही.

जिथे मी स्वतः आपटलो

आता फॉर्म येतो. पेन्शन सर्व्हिस की फॅमिली, ते आधी विचारतात. वीरपत्नीसाठी फॅमिली. ‘नवऱ्याने सर्व्हिस केली ना’ म्हणून सर्व्हिस निवडणारी पोरं मी पाहिली आहेत. पुढे संस्थेच्या प्रकारात केंद्र सरकार. त्यानंतर दोन याद्या येतात, पेन्शन मंजूर करणारी संस्था आणि पेन्शन वाटणारी संस्था. सगळं नाटक या दुसऱ्या यादीत आहे.

पहिल्या वर्षी मी अकरा दाखले काढले. वाटणारी संस्था विचारली की साहजिक वाटतं, पैसे बँकेत येतात, म्हणजे वाटते बँक. मी यादीत बँक शोधली, शाखा निवडली, सबमिट केलं. अकराही जणांना मेसेज आला, प्रमाण आयडी म्हणजे दाखल्याचा क्रमांक मिळाला, दाखल्याची पीडीएफही उतरली. मी खुशीत चहा पाजला. पुढे दोन महिन्यांनी एक काकू पासबुक घेऊन आल्या. पेन्शन जमा झाली नव्हती. त्यांनी पासबुकाचं ते पान माझ्यापुढे धरलं आणि बोट शेवटच्या नोंदीवर ठेवून गप्प बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

झालं काय होतं? दाखला खरा होता, फक्त चुकीच्या दारात गेला होता. पूर्वी फौजी पेन्शन बँक वाटायची, तेव्हा हयातीचा दाखला बँकेकडेच जायचा. स्पर्शवर गेलेली पेन्शन प्रयागराजच्या संरक्षण लेखा कार्यालयातून (पीसीडीए) थेट खात्यात येते. बँक आता फक्त खातं सांभाळते. तिच्या नावाने पाठवलेला दाखला स्पर्शपर्यंत पोचत नाही. आणि अ‍ॅप ‘यशस्वी’ म्हणतं, कारण त्याच्या दृष्टीने दाखला तयार झालेला असतो.

म्हणून नीट वाचा. लष्करातल्यांनी मंजूर करणाऱ्या संस्थेत ‘डिफेन्स – पीसीडीए (पी) अलाहाबाद’ निवडावं, नौदलातल्यांनी ‘डिफेन्स – पीसीडीए (नेव्ही) मुंबई’, हवाई दलातल्यांनी ‘डिफेन्स – जेटी. सीडीए (एएफ) सुब्रतो पार्क’. आणि वाटणाऱ्या संस्थेत तिघांनीही एकच: ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’. शहराचं नाव बदललं तरी यादीत अलाहाबादच शोधायचं, प्रयागराज टाइप करून काही हाती लागत नाही.

वाटणाऱ्या संस्थेची ही ओळ मी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून ठेवली आहे. शेजारी कुणी कितीही ठामपणे ‘माझी तर बँकच निवडलेली’ म्हणाला तरी ऐकू नका. तो बहुधा नागरी खात्याचा पेन्शनर असतो, त्याची पेन्शन खरंच बँकेतून येते. शिक्षकाचं, रेल्वेवाल्याचं आणि फौजीचं एकच असतं हे गृहीत धरणारा सल्ला मला सगळ्यात जास्त चिडवतो.

तालुक्याच्या सेवा केंद्रातून दाखला काढणार असाल तरी हे तुम्हालाच सांगावं लागेल. तिथला पोरगा दिवसाला पन्नास जणांचं करतो, सवयीने बँक ठोकतो. काउंटरवर वाकून स्क्रीन बघा. लाज वाटू देऊ नका, पेन्शन तुमची आहे.

त्यानंतर पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक, पुन्हा नोकरी करता का आणि फॅमिली पेन्शन असेल तर पुनर्विवाह झाला का, हे प्रश्न. उत्तर खरं द्या. बरेच जण रिटायर झाल्यावर गार्डाची नोकरी करतात आणि इथे उगाच घाबरून खोटं लिहितात.

चेहरा

बोटांपेक्षा चेहरा बरा, हे माझं ठाम मत. जीवन प्रमाण १० नोव्हेंबर २०१४ला सुरू झालं तेव्हा बोटं किंवा डोळे एवढेच मार्ग होते. चेहऱ्याची सोय नोव्हेंबर २०२१मध्ये आली आणि माझं निम्मं डोकं शांत झालं. ऊसतोडीत, बांधावर घासलेल्या बोटांवर रेघा उरत नाहीत, त्यात थंडीत कातडी तडकते. मशीनवर सहा सहा वेळा अंगठा दाबून कसनुसं होणारा माणूस मला बघवत नाही.

टोपी आणि चष्मा काढायला सांगा. तोंड उजेडाकडे, पाठ भिंतीकडे. ओसरीत सकाळी ऊन मागून येतं, तेव्हा चेहरा काळा पडतो, म्हणून मी सगळ्यांना दुपारनंतर बोलावतो. अ‍ॅप पापणी मिटायला सांगतं. म्हातारी माणसं फोटो म्हटल्यावर डोळे ताणून सावधानमध्ये उभी राहतात, पापणी हलवतच नाहीत. त्यांना आधी गप्पांत गुंतवायचं. कुठली पलटण, कुठे पोस्टिंग होतं? बोलता बोलता पापणी आपोआप मिटते.

तरीही जुळत नसेल तर आधारवरचा फोटो फार जुना असतो. आधार केंद्रावर नवा काढून घ्या.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला गाडीत घालून तालुक्याला नेऊ नका. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन दाखला काढतो, ७० रुपये लागतात. पोस्टात सांगून ठेवा. त्यालाही लाल पेनची ओळ दाखवा.

पोचला का ते बघणे

प्रमाण आयडी वहीत उतरवा. पण काम तिथे संपत नाही. आठ-दहा दिवसांनी स्पर्शवर लॉगिन करून पुढच्या ओळखीची, म्हणजे पुढचा दाखला द्यायची, तारीख पुढच्या वर्षात सरकली का ते बघा. सरकली असेल तरच झालं. बँक निवडल्याचं लक्षात आलं तर घाबरायचं नाही, योग्य संस्था निवडून नवा दाखला काढायचा. आणि पेन्शन थांबलीच असेल तरी पैसे बुडत नाहीत, ओळख पटल्यावर थकबाकीसह जमा होतात. त्या काकूंचेही झाले. मधले दिवस त्यांनी किराणा उधारीवर काढला, ते मात्र कुणी भरून देत नाही.

याच महिन्यात येणारे फोन

नोव्हेंबरात चोरही कामाला लागतात. ‘प्रयागराजहून बोलतोय, तुमचा दाखला बाकी आहे, पेन्शन बंद होईल, आलेला ओटीपी सांगा.’ कधी व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके, म्हणजे अ‍ॅपची फाईल येते. गोंधळ असा होतो की खऱ्या दाखल्यालाही ओटीपी लागतो, मग ओळखायचं कसं? मी म्हाताऱ्यांना एवढंच सांगतो: ओटीपी आपण बटण दाबल्यावर येतो आणि तो आपल्या समोर बसलेल्या माणसाच्या फोनमध्ये आपण स्वतः टाकतो. फोनवरून कुणी मागितला की ठेवून द्यायचा. हिंदीत कडक आवाजात कुणी बोललं की आमचे जुने जवान अजूनही ‘जी साब’ म्हणतात, तिथेच फसतात. पैसे गेले तर त्याच क्षणी १९३० लावा, सकाळची वाट बघू नका.

दाखल्यासाठी आलेला माणूसही बघा

वर्षातून एकदाच भेटणारी माणसं असतात ही, म्हणून मी थोडं जास्तीचं विचारतो.

थंडीत पहाटेच्या एसटीने येऊ नका, मी दुपारभर असतो. बीपीच्या गोळ्या संपायच्या आत ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये जा. आणि बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी घेऊन झोपू नका. वर पोस्टिंग असताना झोपण्याआधी बुखारी, म्हणजे तंबूतली शेगडी, विझवायचा हुकूम होता, विझली की नाही हे सेंट्री येऊन बघायचा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. तंबूत ज्याने हा नियम वर्षानुवर्षं पाळला तोच गावी आल्यावर खिडक्यांना पोती लावून शेगडी पेटवतो.

फटाक्यांच्या दिवसांत काही जण गप्प गप्प होतात, रात्री झोपत नाहीत. ‘एवढं बघून आलाय आणि लवंगी फटाक्याला दचकतो’ असली थट्टा माझ्या ओसरीवर मी चालू देत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. सैन्यदलं आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेली-मानसचा वेगळा कक्ष पुण्यात एएफएमसी या फौजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ला सुरू झाला. नंबर मी त्यांच्या घरच्यांच्या फोनमध्ये टाकून देतो, त्यांच्या स्वतःच्या नाही. स्वतःहून ते लावत नाहीत.

आणि ज्याला पेन्शनच नाही असाही एखादा दारात येतो. पंधरा वर्षं पुरी न करता घरी आलेला, आता सत्तरीचा, इतरांच्या गर्दीत मागे उभा. त्याला रिकामा परत पाठवू नका. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या, पेन्शन नसलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मदत मिळते. महिना ४,००० रुपये होती ती, १ नोव्हेंबर २०२५पासूनच्या अर्जांना ८,००० झाली. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातो. तिथल्या कल्याण संघटकाला भेटायचं, डिस्चार्ज बुक सोबत न्यायचं. गेल्या खेपेला एकाने ते आणलं तेव्हा कव्हर उंदरांनी खाल्लं होतं, पण नंबर, नाव आणि सेवेच्या तारखा असलेलं पान शाबूत होतं. त्याची प्रत काढून मी त्याला कार्यालय उघडायची वेळ लिहून दिली.